ढगांच्या शेजारून उडताना: लहान विमानाच्या नवशिक्या वैमानिकांसाठी

प्रवासी विमान चढताना राशिमेघांचा थर काही मिनिटांत ओलांडते आणि उरलेला सगळा प्रवास त्यांच्या हजारो फूट वरून करते. एका इंजिनाचे दोन किंवा चार आसनी विमान मात्र बहुतेक वेळ ३००० ते ८००० फुटांच्या पट्ट्यात, साधारण १०० नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने उडते आणि उन्हाळी दिवसांचे पांढरे, फुगीर राशिमेघ, म्हणजेच क्युम्युलस ढगही याच पट्ट्यात जन्मतात, वाढतात आणि विरतात. त्यामुळे ढगाच्या पातळीवर राहून, त्याच्या कडेने वळत, त्याचा तळ, बाजू आणि माथा निवांतपणे पाहण्याची संधी लहान विमानाच्या वैमानिकाला जितकी मिळते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला मिळत असेल.

हे दृश्य पाहायचे कसे, हे मात्र शिकावे लागते. ढगाच्या आत शिरल्यावर काचेबाहेर फक्त एकसारखा करडा उजेड उरतो. आकार, खोली, छाया यांपैकी काहीही दिसत नाही. ढगाचे रूप बाहेरून आणि ठराविक अंतरावरूनच दिसते. नवशिक्यांना ढगांपासून ठेवायच्या अंतराचा नियम अडसर वाटतो, परंतु सुरक्षित राहण्याचे आणि नीट पाहण्याचे अंतर जवळजवळ एकच असते. पुढील सर्व पायऱ्या याच अंतराभोवती रचलेल्या आहेत.

सुरुवात कोणाबरोबर करावी

ज्यांनी अजून प्रशिक्षण सुरू केलेले नाही त्यांनी प्रशिक्षकाबरोबर परिचय उड्डाण घ्यावे आणि विखुरलेल्या ढगांचा दिवस हवा, हे आधीच सांगावे. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या मानकांनुसार खासगी वैमानिक परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि किमान ४० तासांचा उड्डाण अनुभव लागतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ही मर्यादा ३५ तासांपर्यंत येऊ शकते. परवाना हाती आल्यानंतरही ढगांजवळची पहिली काही उड्डाणे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) असलेल्या प्रशिक्षकाबरोबरच करावीत, असे माझे ठाम मत आहे. अंतराचा अंदाज वाचून येत नाही. शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाने वेळीच "आता वळा" असे काही वेळा सांगितले, की तो डोळ्यांत बसतो.

दिवस निवडणे

ढग पाहण्यासाठी निरभ्र दिवस जितका निरुपयोगी, तितकाच पूर्ण झाकोळलेला दिवसही निरुपयोगी. विमानतळाच्या मेटार या ताज्या हवामान अहवालात आकाशाचे आठ भाग कल्पून ढगांचे प्रमाण दिलेले असते: १ ते २ भाग म्हणजे फ्यू, ३ ते ४ म्हणजे स्कॅटर्ड, ५ ते ७ म्हणजे ब्रोकन आणि पूर्ण आठ म्हणजे ओव्हरकास्ट. नवशिक्याने फ्यू किंवा स्कॅटर्ड असलेला दिवस घ्यावा. ब्रोकन असेल तर ढगांच्या खालीच राहण्याची तयारी ठेवावी. टॅफ या विमानतळाच्या हवामान अंदाजात ढगांचे प्रमाण वाढत जाणार असल्याचे दिसत असेल, तर आत्ताचे आकाश कितीही सुंदर असले तरी बेत पुढे ढकलावा.

त्यानंतर ढगाचा तळ किती उंचीवर असेल ते पाहावे. जमिनीवरची तापलेली हवा वर जाताना दर १००० फुटांना सुमारे ३ अंश सेल्सिअसने थंड होते, तर तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचे थेंब होऊ लागतात ते) त्याच अंतरात सुमारे अर्धाच अंश उतरतो. म्हणजे या दोन आकड्यांतील अंतर दर १००० फुटांना अडीच अंशांनी मिटत जाते आणि जेथे ते शून्य होते तेथे बाष्पाचे थेंब बनून ढगाचा तळ तयार होतो. जमिनीवर तापमान २८ अंश आणि दवबिंदू १८ अंश असेल, तर दहाला अडीचने भागून तळ सुमारे ४००० फुटांवर येईल, असे समजावे. एका भागातील क्युम्युलस ढगांचे तळ पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत का दिसतात, याचे उत्तरही या हिशेबातच आहे, कारण त्या भागातील हवेचे तापमान आणि आर्द्रता जवळपास सारखीच असते. हा हिशेब जमिनीवरून उसळून आलेल्या हवेच्या ढगांनाच लागू पडतो. आडव्या पसरलेल्या स्तरमेघांसाठी तो वापरू नये.

येथे एक काळजी घ्यावी. मेटारमधील ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते, तर क्यूएनएच (समुद्रसपाटीला जुळवलेला हवेचा दाब) लावलेला आल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. विमानतळ २००० फूट उंचीवर असेल आणि ढगाचा तळ ४००० फूट सांगितलेला असेल, तर आल्टिमीटरवर तो तळ ६००० फुटांवर भेटेल. म्हणून नियमाप्रमाणे तळाच्या १००० फूट खाली राहायचे तर ५००० ही आपली वरची मर्यादा झाली. ही बेरीज कागदावर मांडून ती मर्यादा समोर दिसेल अशी लिहून ठेवावी. पहिल्या उड्डाणांसाठी जमिनीपासून किमान ४००० फूट उंचीचा तळ असावा, असे मी सुचवेन, म्हणजे ढगाखालची आणि जमिनीवरची अशी दोन्ही अंतरे मोकळेपणाने राखता येतात.

वेळेच्या बाबतीत सूर्यास्ताआधीचे दोन तास सर्वांत उत्तम. क्युम्युलस ढग सकाळी उशिरा उगवू लागतात आणि दुपारी सर्वाधिक वाढतात, परंतु तेव्हा ऊन डोक्यावर असल्याने त्यांचे आकार सपाट वाटतात आणि हवाही फार उसळते. दिवस कलला, की हवा शांत होते, ऊन तिरपे पडते आणि ढगाच्या प्रत्येक फुगवट्याला उजळ व सावळी अशा दोन बाजू येतात. मात्र रात्रीच्या उड्डाणाचे प्रशिक्षण नसेल तर परतीची वेळ सूर्यास्ताच्या बरीच आधी ठरवावी आणि ती पाळावी.

विमानाची आणि स्वतःची तयारी

समोरची काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसावी, कारण ढगाकडून येणाऱ्या प्रखर उजेडात काचेवरचा प्रत्येक डाग पसरतो आणि त्यामागे दुसरे विमान लपू शकते. गॉगल अवश्य घ्यावा. मात्र तो पोलराइज्ड नसावा, कारण तशा काचांमधून कॉकपिटमधील काही पडदे काळे दिसतात. छायाचित्रे काढायची असतील तर ते काम सोबतीच्या माणसाकडे सोपवावे. उड्डाणाआधीच्या तपासणीत कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी सोय) खरोखर चालते का, हे नुसते उरकून न टाकता नीट पाहावे.

पहिला टप्पा: ढगांखालून

चढून गेल्यावर लगेच ढगांच्या पातळीवर जाण्याची घाई करू नये. आधी तळापासून १००० फूट किंवा त्याहून अधिक खाली राहून काही वेळ उडावे. येथे हवा उसळते, कारण प्रत्येक वाढत्या क्युम्युलसखाली वर जाणाऱ्या हवेचा स्तंभ असतो. त्यात शिरताना विमान उचलले जाते आणि बाहेर पडताना खाली बसते. अशा वेळी वेग मॅन्युव्हरिंग स्पीडच्या (धक्क्यांत विमानावर जादा ताण येऊ न देणाऱ्या वेगमर्यादेच्या) आत ठेवावा आणि विमान हलके असेल तर ही मर्यादा आणखी कमी असते, हे लक्षात घ्यावे. उंची काटेकोर राखण्यासाठी झगडू नये. पंख समतल ठेवून विमानाला थोडे वर-खाली होऊ द्यावे. मात्र वर उचलले जाताना तळाशी असलेले अंतर घटते, तेव्हा ते भरून काढण्याची सोय आधीच ठेवलेली असावी.

या टप्प्यावर जमिनीकडेही पाहावे. ढगांच्या सावल्या जमिनीवरून सरकताना दिसतात. त्यांच्या सरकण्यावरून ढगांच्या उंचीवरील वाऱ्याची दिशा थेट कळते. वारा पुरेसा असेल तर ढग त्याच्या दिशेने ओळीत लागलेले दिसतात. दोन ओळींमधील मोकळी पट्टी ही वर जाण्यासाठीची पुढची वाट असते.

दुसरा टप्पा: ढगांच्या शेजारून

दृश्य नियमांनुसार, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून, उडताना, आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे, नियंत्रित हवाई क्षेत्रात बहुतांशी आणि १०,००० फुटांखाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता हवी आणि ढगांपासून आडवे १५०० मीटर व उभे १००० फूट अंतर हवे. देशानुसार आणि हवाई क्षेत्राच्या वर्गानुसार हे आकडे बदलतात, म्हणून आपण जेथे उडणार तेथील नियम पाहणे अनिवार्य आहे. या अंतराचे कारण साध्या हिशेबातून कळते. ढगाच्या आतून उपकरणांच्या आधारे उडणारे विमान कोणत्याही क्षणी बाहेर येऊ शकते. ते २५० नॉट वेगाने समोरून आले आणि आपला वेग १०० नॉट असला, तर १५०० मीटर अंतर सुमारे आठ सेकंदांत संपते. त्याला पाहणे, ओळखणे आणि वळणे हे सारे तेवढ्यात व्हायचे असते.

अंतराचा अंदाज घेणे अवघड असते, कारण ढगाला मोजमाप नसते. जवळचा लहान ढग आणि दूरचा प्रचंड ढग सारखेच दिसू शकतात. उंचीचा अंदाज मात्र सोपा आहे: जे क्षितिजरेषेवर दिसते ते आपल्याच उंचीवर असते. ढगाचा माथा क्षितिजाच्या वर डोकावत असेल तर तो आपल्यापेक्षा उंच आहे आणि क्षितिजाच्या खाली राहत असेल तर आपण त्याच्या वर आहोत. आडव्या अंतरासाठी ढगाची सावली जमिनीवर कोठे पडली आहे ते पाहावे आणि सूर्य किती कललेला आहे हे ध्यानात घेऊन, नकाशावरील ओळखीच्या खुणांशी ती पडताळावी. शंका असली तर ढग आपल्याला वाटतो त्याहून जवळ आहे, असेच धरावे.

आता एक एकटा, मध्यम आकाराचा ढग निवडून त्याच्याभोवती फेरी मारावी. डाव्या आसनावरून उडवत असल्यास ढग डावीकडे ठेवावा. पंख वर असलेल्या विमानात डावीकडे झुकलो की खाली आलेला पंखच दृश्य झाकतो, म्हणून सलग वळण न घेता थोडे वळावे, मग समतल उडून पाहावे, पुन्हा थोडे वळावे. प्रत्येक वळणाआधी त्या दिशेचे आकाश तपासावे. ढगाची रुंदी एक किलोमीटर आणि अंतर १५०० मीटर धरले, तर १०० नॉट वेगाने ही फेरी सुमारे चार मिनिटांची होते. येथे एक सुखद गोष्ट अनुभवास येते: ढग आणि विमान दोन्ही त्याच वाऱ्याबरोबर वाहत असल्यामुळे वाऱ्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही आणि ढग जणू जागेवर स्थिर उभा आहे असे वाटते. जमिनीच्या दृष्टीने मात्र आपण सरकत असतो, तेव्हा फेरी पूर्ण झाल्यावर नकाशावर आपली जागा पाहावी आणि निषिद्ध क्षेत्राकडे वाहत जात नाही याची खात्री करावी.

या चार मिनिटांत ढग बदलतो आणि तो बदल पाहण्यासाठीच ही फेरी असते. कडा फुलकोबीसारख्या घट्ट आणि रेखीव असतील तर तो भाग वाढतो आहे. कडा विसविशीत आणि विरळ होत असतील तर तेथे थेंबांची वाफ होते आहे. एका बाजूला घुमट वर चढत असतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे तुकडे सुटून नाहीसे होत असतात. सूर्य आपल्या पाठीशी असताना ढग एकसारखा पांढरा दिसतो. बाजूने ऊन आले, की त्याच्या घळी आणि उंचवटे उठून दिसतात. आणि ढग सूर्याच्या आड आला, की त्याचा गाभा काळसर होऊन कडा झगझगीत रुपेरी होते. सूर्याजवळच्या पातळ कडांवर कधी गुलाबी आणि हिरवट छटाही दिसतात. त्या पाहताना सूर्य पंखाच्या किंवा चौकटीच्या आड घ्यावा. माझ्या मते ढगांचे सर्वांत समृद्ध दर्शन बाजूच्या उन्हात होते. सूर्याकडे तोंड करून फार वेळ उडू नये, कारण त्या झळाळीत समोरचे विमान दिसत नाही.

याच टप्प्यावर दोन धोके हळूच येतात. पहिला म्हणजे खोटे क्षितिज: ढगांच्या माथ्यांची रेषा तिरपी असेल तर डोळे तिलाच क्षितिज मानतात आणि हात नकळत विमान झुकवतो. म्हणून दर काही सेकंदांनी नजर कृत्रिम क्षितिजाकडे (विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणाकडे) न्यावी. दुसरा धोका कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरण्याचा आहे. ढगांजवळच्या दमट हवेत बाहेरचे तापमान २० अंशांच्या आसपास असतानाही हे होऊ शकते. पात्यांचा कोन न बदलणाऱ्या पंख्याच्या विमानात याची पहिली खूण म्हणजे थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा) न हलवता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) हळूहळू उतरणे. अशा वेळी कार्ब हीट पूर्ण द्यावी. वितळलेले पाणी इंजिनातून जाताना ते क्षणभर अधिक खडखडते, तेव्हा घाबरून ती बंद करू नये.

तिसरा टप्पा: ढगांच्या वर

विखुरलेल्या ढगांमधील रुंद मोकळ्या जागेतून वर गेल्यावर हवा एकाएकी शांत होते, खालचा धूसरपणा संपतो आणि दृष्टी फार दूरवर पोहोचते. परंतु वर जाण्याआधी तीन गोष्टी पक्क्या असाव्यात: ढगांचे प्रमाण स्कॅटर्डपेक्षा अधिक नाही, उतरण्याच्या ठिकाणीही ते तसेच राहील असा अंदाज आहे आणि परत फिरण्यापुरते इंधन राखून ठेवलेले आहे. जमीन सतत दिसत राहिली पाहिजे. इंजिन बंद पडल्यास लहान विमान साधारणपणे दर १००० फुटांमागे दीड सागरी मैल घरंगळत जाऊ शकते. तेवढ्या टापूत मोकळी जमीन दिसत नसेल तर आपण चुकीच्या ठिकाणी आहोत. खालच्या मोकळ्या जागा लहान होऊ लागल्या, की दृश्य कितीही मोहक असले तरी लगेच खाली यावे.

वर असताना सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला, खालच्या ढगावर नजर ठेवावी. तेथे विमानाच्या छायेभोवती रंगांची गोल कडी दिसतात. ढगातील अतिसूक्ष्म थेंबांमुळे प्रकाश आलेल्या दिशेने परत वळतो आणि त्यातून ही प्रभा तयार होते. तिचा मध्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या विरुद्ध असतो, म्हणून पुढे बसलेल्याला ती छायेच्या पुढच्या भागाभोवती आणि मागे बसलेल्याला मागच्या भागाभोवती दिसते. नियमातील १००० फुटांवरून लहान विमानाची छाया पुसट होते, पण कडी स्पष्ट राहतात.

चुकून ढगात शिरल्यास

हा भाग जमिनीवर पाठ करावा आणि प्रशिक्षकाबरोबर हूड (बाहेरचे दृश्य झाकणारे आवरण) घालून पक्का करावा. आतल्या कानातील द्रव सावकाश सुरू झालेले वळण टिपत नाही आणि वळण काही काळ स्थिर राहिले तर ते थांबल्यासारखे वाटते. बाहेर क्षितिज नसेल तर शरीर आत्मविश्वासाने चुकीची बातमी देते. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली झालेल्या प्रयोगात उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत ठेवले गेले. विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला आणि त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. त्याच लोकांना ठराविक कृती शिकवल्यानंतर ते जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर आले, हा या प्रयोगाचा कमी सांगितला जाणारा, पण अधिक महत्त्वाचा भाग आहे.

कृती अशी: बाहेर पाहणे थांबवावे आणि कृत्रिम क्षितिजावर पंख समतल करावेत. थ्रॉटल आणि ट्रिम (हाताने जोर न देता विमान एका स्थितीत ठेवणारी सोय) बदलू नये. आपली दिशा पाहून तिची विरुद्ध दिशा मोठ्याने म्हणावी. मग सेकंदाला ३ अंश या प्रमाणित गतीने वळण सुरू करावे. १०० नॉट वेगाला त्यासाठी सुमारे १५ अंशांचा कल पुरतो आणि एका मिनिटात विमान उलट फिरते. उंची आणि कल यांवरच लक्ष ठेवावे. वळण संपल्यावर पंख पुन्हा समतल करून सरळ उडत राहावे, म्हणजे ज्या मोकळ्या हवेतून आपण आलो तेथे पोहोचू. मग नियंत्रकाला रेडिओवरून कळवावे. मदत मागण्यात कमीपणा मानू नये.

ज्या ढगांना लांबूनच पाहावे

रुंदीपेक्षा उंची अधिक झालेला आणि झपाट्याने चढणारा राशिमेघ दिसला, की त्याच्या शेजारची फेरी रद्द करावी. माथ्याची रेखीव कड तंतूंसारखी पसरू लागली तर तेथे बर्फ बनले असून तो गर्जन्मेघ झाला आहे. तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल दूर राहण्याची शिफारस केली जाते आणि त्याच्या ऐरणीसारख्या पसरलेल्या माथ्याखालून जाऊ नये. डोंगरांवर भिंगाच्या आकाराचा, गुळगुळीत आणि स्थिर ढग फार देखणा असतो, पण तो जोरदार वाऱ्याच्या लाटांवर बनतो आणि त्याच्या खालच्या बाजूस विमानाला हिसकावणारे भोवरे असतात. शून्य अंशाखालील तापमानात ढग किंवा पाऊस असलेली हवा पंखांवर बर्फ चढवते. जमिनीवर १५ अंश असताना प्रमाण वातावरणात ही पातळी सुमारे ७५०० फुटांवर येते.

उतरणे आणि नोंद

खाली येताना सर्वांत रुंद मोकळी जागा निवडावी आणि इंजिन अचानक थंड होऊ नये म्हणून थोडी शक्ती ठेवून, सौम्य उताराने उतरावे. ढगांच्या पातळीखाली आल्यावर पुन्हा धक्के सुरू होतात, तेव्हा त्याआधीच वेग कमी केलेला असावा. लखलखत्या उजेडातून ढगाच्या सावलीत आल्यावर डोळ्यांना सरावायला थोडा वेळ लागतो. गॉगल काढून उपकरणे एकदा शांतपणे वाचावीत आणि मगच विमानतळाच्या सर्किटमध्ये (उतरण्याआधीच्या ठरलेल्या फेरीत) सामील व्हावे.

लॉगबुकात तासांच्या शेजारी चार गोष्टी लिहाव्यात: तापमान आणि दवबिंदूवरून आपण काढलेली तळाची उंची, आल्टिमीटरवर प्रत्यक्ष आढळलेली उंची, ढगांचे प्रमाण कोणत्या वेळी कसे बदलले आणि कोणत्या बाजूच्या उन्हात काय दिसले. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत ५०० फुटांहून अधिक फरक पडला असेल तर तो का पडला, हे प्रशिक्षकाशी किंवा हवामान कार्यालयाशी बोलून समजून घ्यावे आणि पुढच्या उड्डाणाची वरची मर्यादा त्यानुसार ठरवावी.